चुकारा आला, गेला कुठे?

वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर चार माणसं बसली, की एक प्रश्न हमखास निघतो. कापूस विकला, चुकारा हाती आला, कृषी केंद्राची उधारी फेडली, पोरांची फी भरली; पण होळी येईस्तोवर घर पुन्हा रिकामं. घरात दारू नाही, बाई हिशेबी, पोरं गुणी. मग पैसा गेला कुठे? हिंगणघाटच्या जिनिंगमधला मजूर आणि वर्ध्याच्या खासगी शाळेतला शिक्षक हाच प्रश्न विचारतात. त्यांच्या तोंडी चुकाऱ्याऐवजी पगार असतो आणि होळीऐवजी महिन्याची वीस तारीख.

यावर दोन उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, "कमाईच कमी आहे." पुष्कळ घरांच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. ज्या घरात दोन वेळच्या जेवणाचीच ओढाताण आहे, त्या घराला काटकसर शिकवणं हा अन्याय आहे. कपाशीचा भाव आणि मृगाचा पाऊस काटकसरीने सुधारत नाहीत. दुसरं उत्तर, "लोक उधळे झालेत." हे मला पटत नाही. उधळी माणसं थोडी असतात. बहुतेक घरांतला पैसा कुणी न ठरवताच जातो. हा न ठरवलेला खर्च कसा शोधायचा, त्यातला कोणता कमी करायचा, कशाला अजिबात हात लावायचा नाही आणि वाचलेले पैसे पुन्हा वाटेतच संपू नयेत म्हणून काय करायचं, ते या प्रकरणात क्रमाने पाहू.

१. आधी वही

काटकसरीचं नाव काढलं की वर्ध्याच्या माणसाला सेवाग्राम आठवतं. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात राहायला आले. १९४० मध्ये त्याच शेगावचं सेवाग्राम झालं. माती, बांबू आणि कवेलूंची कुटी, बसायला चटई, आलेली पाकिटं उलगडून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या चिठ्ठ्या, हे सगळं आपण शाळेच्या सहलीत ऐकलेलं असतं. त्यामुळे हा माणूस जन्मापासून असाच होता, असं आपण समजून चालतो.

प्रत्यक्षात १८८८ मध्ये कायदा शिकायला लंडनला गेलेले मोहनदास गांधी काही महिने वेगळेच होते. बाँड स्ट्रीटवर १० पौंडांचा सूट शिवला, १९ शिलिंगांची उंच टोपी घेतली, नाच शिकायला ३ पौंड भरले, व्हायोलिनवर आणखी ३ पौंड घातले. पैसे थोरला भाऊ पाठवत होता. साधारण तीन महिन्यांत हा नाद ओसरला. पुढे त्यांनी जे केलं ते आपल्या कामाचं आहे. त्यांनी खर्च लिहायला घेतला. बसचं भाडं, टपाल, वर्तमानपत्रावर गेलेली दोन-चार नाणी, सगळं वहीत. रात्री झोपण्याआधी शिल्लक जुळवायची, हा नेम.

वहीने त्यांना काय दाखवलं? ते एका कुटुंबात पैसे भरून राहत होते. तिथे दर आठवड्याचं बिल ठरलेलं होतं. बाहेर कुणाकडे जेवले तरी ते चुकत नव्हतं. शिवाय रीत म्हणून त्या घरच्या मंडळींना अधूनमधून बाहेर जेवायला न्यावं लागे. म्हणून पहिली कात्री तिथे लागली. त्यांनी स्वतंत्र खोल्या घेतल्या, त्याही कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात चालत पोचता येईल अशा. गाडीभाडं संपलं आणि रोजचं आठ-दहा मैल चालणं सुरू झालं. एवढ्यानेच खर्च निम्म्यावर आला. नंतर दोन खोल्यांची एक झाली, भाडं आठवड्याला ८ शिलिंग. एक शेगडी घेऊन सकाळी ओटची लापशी आणि कोको घरीच होऊ लागला. शेवटी दिवसाचं जेवण सव्वा शिलिंगात भागायला लागलं.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी लिहिणं आलं, कपात मागून आली. कपात करतानाही टपालाच्या तिकिटापासून सुरुवात केली नाही. जो खर्च सर्वांत मोठा होता आणि आपोआप पुन्हा पुन्हा होत होता, तो आधी धरला. आपल्याकडे उलट होतं. महिनाअखेर तंगी आली की पहिलं दूध अर्धा लिटरने कमी होतं आणि हप्ते मात्र चालूच राहतात.

तर पहिले ३० दिवस फक्त लिहा. काहीही बंद करू नका. शंभर पानी वही पुरते. चार रकाने आखा: तारीख, कशावर, किती, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द, 'ठरवून' किंवा 'असंच'. बाजारातून आणलेली तुरीची डाळ 'ठरवून'. बसस्टँडवर उभं असताना घेतलेली पाण्याची बाटली 'असंच'. मोबाइलवरून दिलेले पैसे त्या ॲपमध्ये सापडतात म्हणून वही टाळू नका. तिथे फक्त दुकानदाराचं नाव आणि रक्कम दिसते, खर्च का झाला ते दिसत नाही. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. घरातल्या प्रत्येकाने आपापलं लिहावं आणि महिना संपेपर्यंत कुणी कुणाची वही तपासू नये. नवऱ्याने बायकोकडे हिशेब मागायचा आणि स्वतःचा खिसा झाकून ठेवायचा, असं जिथे चालतं तिथे वही आठवडाभरही टिकत नाही.

२. न ठरवलेला खर्च

विहिरीवरून पाटाने पाणी सोडलं आणि पाटाच्या काठाला उंदरांनी बिळं केलेली असली, तर मोटर तासभर चालूनही शेवटच्या सरीत पाणी पोचत नाही. अशा वेळी शेतकरी मोठी मोटर घ्यायला धावत नाही, फावडं घेऊन बिळं बुजवत जातो. घरखर्चातली बिळं ओळखायच्या खुणा आहेत. रक्कम लहान असते, खर्च रोज होतो, ठरावीक जागी किंवा ठरावीक माणसांच्या संगतीत होतो, आणि रात्री विचारलं तर आठवत नाही.

आपल्या जिल्ह्यातलं, खरं तर साऱ्या पूर्व विदर्भातलं, सर्वांत मोठं बीळ म्हणजे खर्रा. पानठेल्यावर पाच मिनिटं उभे राहा. ठेलेवाला जाड पन्नीच्या तुकड्यावर सुपारीचे तुकडे टाकतो, त्यावर तंबाखू, बोटाने चुना, पाण्याचे दोन थेंब. पन्नी मुडपतो आणि फळीवर ठेवून तळहाताने घसाघसा घोटतो. चुना मुरून सुपारी ओलसर, तांबूस झाली की पन्नीची पुडी वळून रबर लावतो. गिऱ्हाईक पुडी खिशात घालत नाही, आधी शेजारच्यासमोर धरतं. शेजारचा चिमूट घेतो. उद्या तो घेणार आणि हा चिमूट उचलणार. या देण्याघेण्यामुळे कुणालाच आपण किती खातो त्याचा अंदाज राहत नाही.

पुडीचा भाव जागोजागी वेगळा आहे. आपण २० रुपये धरू. दिवसाला दोन पुड्या, म्हणजे ४० रुपये. ४० रुपयांसाठी कुणी घरी विचारत नाही, आणि देवळीच्या बाजारात ४० रुपयांत फारसं काही येतही नाही. म्हणून ते खर्चात धरलेच जात नाहीत.

३. ३६५चा गुणाकार

इथे एक सवय लावून घ्यायची. रोजच्या कुठल्याही खर्चाला ३६५ ने गुणायचं आणि येणारी रक्कम आपल्याला कळेल अशा वस्तूत मोजायची. ४० गुणिले ३६५ म्हणजे १४,६०० रुपये. आता हे कापसात मोजू.

२०२४-२५ च्या हंगामात बीटी कपाशीच्या बियाण्याचं पाकीट ८६४ रुपयांना होतं. एकरी दोन पाकिटं धरली तर पाच एकरांना दहा, म्हणजे ८,६४० रुपये. वर्षभराच्या खर्ऱ्यात पाच एकरांचं बियाणं येऊन वर ५,९६० रुपये उरतात. खताच्या दोन-चार बॅगा त्यातच निघाल्या.

दुसऱ्या बाजूने पाहू. त्याच हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. पाच एकरांत ३० क्विंटल झाला आणि सगळा हमीभावाने गेला असं समजू, जरी व्यापाऱ्याकडे कित्येकदा त्याहून कमी मिळतं. हाती आले २,२५,६३० रुपये. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणीची मजुरी आणि वाहतूक मिळून १,२५,६३० रुपये गेले असं धरलं, तर उरले १ लाख. बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ८,३३३ रुपये. म्हणजे दिवसाच्या दोन पुड्या त्या घराचा पावणेदोन महिन्यांचा घरखर्च खातात.

हा नुसता पैशाचा हिशेब झाला. सुपारी आणि तंबाखू वर्षानुवर्षं गालात धरल्याने तोंड उघडेनासं होतं, पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. तो आला की वर सांगितलेले सगळे आकडे क्षुल्लक ठरतात आणि घराचं शेत विकायला निघतं. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आणली, पण ठेल्यावर हाताने घोटलेला खर्रा चालूच राहिला. तंबाखूची सवय नुसत्या निश्चयाने सुटतेच असं नाही. तो हट्टाचा प्रश्न नसून आजाराचा आहे, आणि त्यासाठी मदत मागण्यात कमीपणा नाही. सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. ठेल्यावरची बैठक मात्र तोडू नका. माणूस तिथे तंबाखूइतकाच गप्पांसाठी जातो, आणि गप्पा फुकट आहेत.

चहाच्या बाबतीत मी इतका कडक नाही. सकाळी कामावर जाताना टपरीवरचा एक चहा माणसाला दिवसभरासाठी उभं करतो. तो 'ठरवून'च्या रकान्यात लिहा आणि खुशाल प्या. तिसरा आणि चौथा कुणीतरी आलं म्हणून होतो, तेवढे पाहा. मोटरसायकलचं मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गावातल्या गावात, किराणा दुकानापर्यंत आणि पारापर्यंत, रोज चार किलोमीटर गाडी फिरली तर ३०० दिवसांत १,२०० किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर २४ लिटरचे २,५२० रुपये. गांधींचा लंडनमधला अर्ध्या तासाचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो, आणि गुडघे दुखत नसतील तर तब्येतीलाही बरा.

४. हप्ता आणि उधारी

वहीत 'असंच' म्हणून जे सापडतं ते बुजवणं सोपं असतं. एक खर्च मात्र असा आहे की तो 'ठरवून' या रकान्यात बसतो आणि तरीही घराला पोखरतो. तो म्हणजे उसनवारीची किंमत.

दुकानात १८,००० रुपयांचा मोबाइल आहे. विक्रेता १८,००० म्हणतच नाही, म्हणतो, "महिन्याला फक्त १,७५० भरा, बारा हप्ते." आपण खिशाकडे पाहतो, १,७५० झेपतील असं वाटतं आणि सही करतो. १,७५० गुणिले १२ म्हणजे २१,०००. तीन हजार रुपये मोबाइलवर गेले नाहीत, थांबायची तयारी नव्हती त्यावर गेले. कुठलाही हप्ता ठरवताना दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "शेवटचा हप्ता संपेपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जातील?" 'बिनव्याजी' म्हटलं तरी विचारा, कारण फाइलचा खर्च, विमा, आणखी काय काय त्यात मिसळलेलं असतं.

शेतकऱ्याच्या घरात याहून मोठी गळती कृषी केंद्राच्या उधारीतून होते. जूनमध्ये २०,००० रुपयांचं बियाणं-खत उधारीवर उचललं, शेकडा २ रुपये महिन्याने, आणि डिसेंबरात फेडलं. सहा महिन्यांचं व्याज २,४०० रुपये. शिवाय उधारीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार देईल तेच वाण घ्यावं लागतं, भावात घासाघीस करता येत नाही. बँकेच्या पीककर्जाची गोष्ट वेगळी आहे. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाख रुपयांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज शून्य टक्के पडतं. बँकेतले खेटे, सातबारा, फेरफार, बेबाकी या सगळ्याचा वैताग येतो, हे खरं. पण दोन दिवसांच्या त्या वैतागाची किंमत २,४०० रुपये आहे, आणि एवढी रोजी आपल्याला दुसरीकडे कुणी देत नाही. खातं थकलेलं असेल तर बँक पुन्हा उभं करत नाही आणि माणूस फिरून सावकाराच्याच दारी जातो. म्हणून चुकारा आला की सर्वांत आधी पीककर्जाचं खातं नियमित ठेवा. बाकी सगळं त्यानंतर.

५. चारचौघांसाठी

वऱ्हाडात गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावं झाडली आणि रात्री कीर्तनात लोकांना हेच विचारलं, की कर्ज काढून सण-समारंभ करून तुमचं भलं झालं का? मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी सामुदायिक आणि साध्या विवाहांचा आग्रह धरला. दोघेही आपल्याच भागातले, दोघांनाही शेतकऱ्याचं घर आतून माहीत. त्यांना ठाऊक होतं की रोज पै-पै जपणारं घर साक्षगंध, हळद, लग्न आणि तेरवी या चार दिवसांत दहा वर्षं मागे जातं.

या खर्चावर लेखकाने फार उपदेश करू नये असं मला वाटतं, कारण तो एकट्याच्या हातात नसतो. मुलीकडच्यांना मुलाकडचे मान देतील की नाही, भाऊबंद काय बोलतील, यातून तो ठरतो. म्हणून त्यावरचा उपाय एकट्याने करायचा नाही. समाजाची बैठक, गावाची सभा, किंवा निदान दोन्हीकडच्या थोरल्यांनी आधीच बसून पंगतीची आणि आहेराची मर्यादा ठरवली, तर कुणाचंच नाक कापलं जात नाही. तेरवीच्या गावजेवणाचं तर ठामपणे सांगतो: दवाखान्याचं बिल अजून बाकी असताना गावजेवण घालायला लावणं ही त्या घरावर केलेली जबरदस्ती आहे. भाऊबंदांनीच पुढे होऊन ते थांबवलं पाहिजे.

६. कात्री कुठे लावायची नाही

आता काटकसरीची दुसरी बाजू. पैसा वाचवायचं ठरलं की बऱ्याच घरांत पहिला घाव ताटावर पडतो, आणि ताटांतही शेवटच्या ताटावर. घरची बाई सगळ्यांना वाढून उरलेलं खाते. वरण संपलं तर चटणीवर भागवते. ही काटकसर नव्हे. अंगात रक्त कमी झालं की कामावरचे दिवस बुडतात आणि दवाखाना लागतो, म्हणजे निव्वळ पैशाच्या हिशेबानेही ती तोट्यातच जाते. डाळ, दूध, अंडी, पालेभाजी, पोरांच्या वह्या, चालू असलेलं औषध, गाडीचे ब्रेक आणि विम्याचा हप्ता, या यादीला हात लावायचा नाही.

दुसरी मर्यादा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. कुमारप्पा हिशेबतपासनीस होते, लंडनला शिकलेले, मुंबईत त्यांचा व्यवसाय होता. तो सोडून ते गांधींकडे आले आणि १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, तेव्हा त्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. जमनालाल बजाजांनी दिलेल्या त्या जागेत घाण्याचं तेल, हातसडीचे तांदूळ, जात्यावरचं पीठ, हातकागद यांवर काम चाललं. १९३८ मध्ये तिथेच मगन संग्रहालय उघडलं. ते आजही वर्ध्यात पाहता येतं. आयुष्यभर आकड्यांशी खेळलेल्या या माणसाचं म्हणणं असं, की वस्तूवर लिहिलेली किंमत पुरेशी माहिती देत नाही. ती कुणी बनवली, त्याला काय मिळालं, आपला रुपया कुणाच्या घरी गेला, हेही खर्च करताना पाहायला हवं.

त्यांची सगळीच मतं आजच्या घराला झेपणार नाहीत. पण एवढं नक्की घेता येतं: दुसऱ्याच्या पोटावर आपली बचत उभी करायची नाही. आठवडी बाजारात वांग्यांच्या ढिगामागे बसलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी दहा मिनिटं भांडायचं आणि त्याच संध्याकाळी छापील किमतीत कुरकुऱ्यांची चार पाकिटं घ्यायची, याला काटकसर म्हणता येणार नाही. मोलकरणीचा पगार, गड्याची रोजी, गावच्या शिंप्याची शिलाई यांतून वाचवलेला पैसा वाचवलेला नसतो, तो दुसऱ्याच्या घरातून आणलेला असतो.

विनोबा त्याहून पुढे गेले. १९५० मध्ये पवनारला धाम नदीच्या काठी त्यांनी कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशाशिवाय, स्वतःच्या श्रमावर जगायचं. विहीर खोदायची, शेत पिकवायचं, त्यात येईल ते खायचं. संसारी माणसाला हे जमणार नाही. मात्र अंगणातली परसबाग जमते. शेवग्याचं एक झाड, कढीपत्ता, मांडवावर दोडके आणि वाल, मोरीच्या पाण्यावर पालकाचा वाफा एवढ्याने पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत भाजीचं बरंचसं भागतं. इथे खर्चही कमी होतो आणि ताटही भरतं.

७. चुकाऱ्याचे बारा वाटे

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत कामाचा भाग. खर्च कमी केला म्हणजे बचत झाली, हा गैरसमज आहे. खर्रा सोडलेल्या माणसाच्या खिशात रोज ४० रुपये राहतात. पण ते तसेच राहिले तर आठवडाभरात दुसऱ्या कशात तरी जातात. वाचलेल्या पैशाला त्याच दिवशी जागा दिली तरच त्याची बचत होते.

पगारदाराला हे सोपं आहे, कारण पैसा महिन्याला येतो आणि खर्चही महिन्याचाच असतो. कापूसवाल्याची अडचण अशी की सीतादहीचा विधी करून वेचणी सुरू झाल्यापासून दोन-चार महिन्यांत सगळा पैसा येतो आणि खर्च बारा महिने चालतो. हाती एकदम लाख रुपये आले की माणसाला आपण श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. वर्षभर थांबवलेली सगळी खरेदी त्याच महिन्यात निघते. म्हणून चुकारा आला त्याच दिवशी त्याचे वाटे करा. आधी पीककर्ज. मग पुढच्या जूनचं बियाणं-खत. ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, म्हणजे उधारीचं व्याज वाचेल. उरलेल्याचे बारा भाग. आपल्या वरच्या उदाहरणातल्या घराने एक भाग, ८,३३३ रुपये, हातखर्चाच्या खात्यात ठेवायचा आणि बाकीचे दुसऱ्या खात्यात, ज्याचं कार्ड घरात कुलपात राहील. दर महिन्याच्या एक तारखेला एक भाग इकडे आणायचा. मोठी खरेदी करायचीच असेल तर कोणत्या महिन्याचा भाग त्यात जाणार आहे, ते वहीत लिहायचं.

हंगामात असतं तेव्हाच बाजूला काढायचं, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने एकदा फार सुंदर रीतीने करून दाखवली. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाशी जोडलेल्या गावांत १९८०च्या दशकात डॉ. उल्हास जाजू यांनी ज्वारीवर चालणारी आरोग्यविम्याची योजना उभी केली. सुगीच्या वेळी, घरात ज्वारीची पोती आलेली असताना, घरटी ज्वारी गोळा व्हायची. ज्याची जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त. त्याच्या बदल्यात वर्षभर आजारपणात रुग्णालयाच्या खर्चात सवलत मिळायची, आणि ती कुणी किती ज्वारी दिली यावर नाही, आजार काय आहे यावर ठरायची. रोख हप्ता मे महिन्यात मागितला असता तर किती घरांनी भरला असता? ज्वारी मात्र सुगीत देणं तितकं जड जात नव्हतं. आज राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत योजनेतल्या आजारांवर वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. तिची कागदपत्रं घरात तयार ठेवा, कारण घराची पुंजी एका झटक्यात संपवणारं आजारपणाइतकं मोठं कारण दुसरं नाही.

गावातल्या बायकांना पैशाला जागा देण्याचं हे शास्त्र कधीचं ठाऊक आहे. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली आणि महिन्याची ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी दहा जणींसमोर ठेवायची, ही शिस्त गावोगावी रुजली. त्या शिस्तीची ताकद दहा जणींसमोर पैसे ठेवण्यात आहे. एकटीने डब्यात ठेवलेले पैसे पाहुणा आला की निघतात. गटात ठेवलेले निघत नाहीत. घरातल्या पुरुषांनी या गटाच्या पैशावर डोळा ठेवू नये, एवढी विनंती.

आणि ज्याने रोजचे ४० रुपये सोडवले त्याने काय करावं? महिन्याचे १,२०० रुपये झाले. डाकघराच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत ते दर महिन्याला भरले आणि व्याजदर ६.७ टक्के धरला, तर आपले ७२,००० रुपये जातात आणि ८५ हजारांच्या वर हाती येतात. मुलगी दहावीत असेल तर ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचते तेव्हा. १,२०० झेपत नसतील तर कमी भरा. हे खातं महिना १०० रुपयांपासून उघडतं. जवळच्या डाकघरात आधार आणि पॅन कार्ड घेऊन जा, आणि शक्यतो चुकारा येईल त्याच आठवड्यात जा.